सिस्टरचं नाव रजिस्टरात आहे का?

प्रश्न असा आला आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग कारखान्यात जॉबर असलेले एक गृहस्थ लिहितात: 'माझी आई गेल्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात पाच दिवस होती. रात्री सलाईन लावणारी, इंजेक्शन देणारी मुलगी जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. डिस्चार्जच्या दिवशी कळलं, की तिने नर्सिंग शिकलेलंच नाही. आई बरी आहे, पण मला झोप नाही. त्यात माझी लेक आता बारावी झाली आणि तिला नर्सच व्हायचंय. सहा महिन्यांच्या कोर्सची जाहिरात बघितली, सरकारमान्य आणि शंभर टक्के नोकरी असं लिहिलंय. नर्सला लायसन्स असतं म्हणतात. ते कोण देतं, कशावर देतं आणि आमच्यासारख्या पेशंटला त्याचा उपयोग काय?'

भाऊ, तुमची झोप उडाली हे बरोबरच झालं. मी या कामात ३२ वर्षं काढली. आधी अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, मग वॉर्डची परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर, आणि शेवटची काही वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून मुलींना शिकवलं. तुमच्या भागातले पेशंट आम्हाला 'अक्का' म्हणून हाक मारायचे. कुणी तेलुगूत बोलायचं, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत, पण हाक एकच. त्या हाकेत एक विश्वास असतो, की ही जी कोणी समोर उभी आहे तिला आपलं काम येतं. तो विश्वास कशावर उभा आहे, हेच तुम्ही विचारलंय. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण बोलताना लायसन्स म्हणतो, पण कायद्यात शब्द आहे 'नोंदणी'. म्हणजे एका रजिस्टरात तुमचं नाव, तुमचा नंबर, तुमची पात्रता. महाराष्ट्रात हे रजिस्टर मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद ठेवते, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. तिच्या वरती दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद, १९४७ च्या कायद्याने झालेली. ढोबळ वाटणी अशी, की काय शिकवायचं, किती तास शिकवायचं, किती विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक पाहिजे हे दिल्ली ठरवते. मुंबईची परिषद नावं नोंदवते आणि गरज पडली तर काढते. परीक्षा मात्र दोघींपैकी कुणीच घेत नाही. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) या अभ्यासक्रमांची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी. नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

शिकवणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा, नाव नोंदवणारा तिसरा. फॉर्म भरताना मुली वैतागतात, की एवढी दारं कशाला. मी शिक्षिका होते म्हणून सांगते, ती दारं लागतात. तीन वर्षं जिला हाताला धरून शिकवलं ती नापास व्हावी असं कुठल्याच शिक्षिकेला वाटत नाही. कॉलेजला निकाल चांगला दाखवायचा असतो. रजिस्टर ठेवणाऱ्याला मात्र यातलं काहीच नको असलं पाहिजे. त्याने बाजू घ्यायची ती फक्त खाटेवर पडलेल्या माणसाची.

आता रजिस्टरात नाव कशाच्या जोरावर येतं? आपल्या देशात परवान्याची अशी वेगळी परीक्षा नाही. मान्यता असलेल्या संस्थेत शिकायचं, मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास व्हायची, कागद पडताळून नाव नोंदवायचं. म्हणजे सगळा भार त्या शिक्षणावर येतो, आणि शिक्षणात सगळ्यात जास्त भार वॉर्डात काढलेल्या तासांवर. बी.एस्सी.च्या नियमात आहे, की परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. मुली विचारतात, थिअरीला सूट आणि वॉर्डला का नाही? बुडालेलं व्याख्यान पुस्तकातून भरून काढता येतं. मेडिसिन वॉर्डची रात्रपाळी पुस्तकातून भरून निघत नाही. आमच्या वेळी २० नॉर्मल बाळंतपणं स्वतःच्या हाताने करून केसबुकात लिहावी लागत, प्रत्येक पानावर सिस्टरची सही. माझ्या केसबुकातलं सतरावं पान अजून आठवतं. पहाटे चारला आलेली बाई, आणि वार पडल्यावर रक्त थांबेना. पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट कसं करायचं हे मी त्या पहाटे शिकले, माझ्या हातावर सिस्टरने हात ठेवून दाखवलं तेव्हा. पुढे शेकडो वेळा तो हात कामाला आला.

तुमच्या आईजवळ त्या रात्री जी मुलगी होती, तिच्या हातावर असा कुणी हात ठेवलेला नसतो. हे मी बघितलंय, म्हणून बोलते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे दीर जुलाब-उलट्यांनी एका छोट्या खासगी दवाखान्यात ॲडमिट होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. अंगातलं पोटॅशियम कमी झालं होतं. रात्री साडेअकराच्या सुमारास एक मुलगी ट्रे घेऊन आली. स्वच्छ युनिफॉर्म, केस नीट बांधलेले, बोलायला गोड. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'इंज. केसीएल १ अँप', म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची एक काचेची कुपी, अँप्युल. बाकी काही नाही. तिने अँप्युल फोडलं, दहा सीसीच्या सिरिंजमध्ये ओढलं, आणि सुई दिरांच्या हातातल्या कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी नेली. मी खुर्चीतून उठून तिचं मनगट धरलं. म्हटलं, 'अगं, हे कशात घालणार आहेस?' ती म्हणाली, 'कशात म्हणजे? सरळच देते ना मॅडम, अँटिबायोटिक देतो तसं.'

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दहा मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते अर्ध्या लिटर सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट या बेताने थेंब लावून द्यायचं असतं, म्हणजे दोन तास तरी. तेच सरळ शिरेत ढकललं, तर हृदय थांबतं. शिकलेल्या नर्सला हे दुसऱ्या वर्षापासून पाठ असतं. केसपेपरवर डॉक्टरांनी अर्धवट लिहिलं असलं तरी ती फोन करून विचारते, की डॉक्टर, किती सलाईनमध्ये आणि किती वेळात? ही विचारणा तिच्या कामाचाच भाग आहे. रजिस्टरात नाव असलेल्या बाईला एक आधारही असतो. ती म्हणू शकते, 'सर, असं मी देणार नाही, माझ्या रजिस्ट्रेशनचा प्रश्न आहे.' मी हे वाक्य नोकरीत तीन-चार वेळा वापरलं, आणि दर वेळी समोरचे डॉक्टर थांबले.

त्या मुलीने ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसून रडायला लागली. दोन वर्षं ती तिथे होती. आधी फरशी पुसायची, मग ड्रेसिंगचं सामान द्यायची, मग बघून बघून इंजेक्शनं. घरी आई विड्या वळायची, ही थोरली. तिच्यावर मला राग आला नाही, आजही नाही. सकाळी मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, 'हुशार मुलगी आहे हो, हाताला सवय आहे तिच्या.' सवय होती, हे खरं. पण सवय असते ती काल जे केलं त्याची. आज पहिल्यांदाच समोर आलेल्या अँप्युलसमोर सवयीचा काय उपयोग?

आता तुमच्या 'उपयोग काय' या प्रश्नाशी येते. समजा मी त्या रात्री तिथे नसते. दीर गेले असते. मग परिषद त्या मुलीचं काय करू शकली असती? काहीच नाही. तिचं नाव रजिस्टरात नव्हतंच, मग काढणार काय? पोलिसांत तक्रार झाली असती, नाहीतर दवाखान्याने तिला गुपचूप घरी पाठवलं असतं, आणि पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात पुन्हा 'सिस्टर' झाली असती. रजिस्टरचा मला उमगलेला अर्थ हा आहे. नाव आत घेणं हे त्याचं अर्धं काम. ज्याच्या हातून पेशंटला धोका आहे त्याचं नाव काढता येणं, आणि काढल्यावर त्याला दुसरीकडे कुठेच नर्स म्हणून उभं राहता न येणं, ही त्याची खरी ताकद. जिचं नावच नाही, तिला ही ताकद लागू होत नाही. म्हणून बिननोंदणीची मुलगी फक्त कमी शिकलेली असते असं समजू नका. ती कुणालाच उत्तर द्यायला बांधलेली नसते, आणि तिला वाचवायलाही कुणी बांधलेलं नसतं.

यात इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या मुली दिवा हातात घेऊन जी शपथ घेतात ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची. पण इंग्लंडमध्ये नर्सेसचं रजिस्टर करावं अशी मागणी झाली, तेव्हा नाइटिंगेलबाईंचा तिला विरोध होता. त्यांचं म्हणणं, परीक्षेने आणि यादीने माणसाचा स्वभाव, त्याची सचोटी मोजता येत नाही. समोरच्या बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक होत्या, ज्यांनी तीस वर्षं ही मागणी लावून धरली. न्यूझीलंडने १९०१ मध्येच नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, जगात पहिला. ब्रिटनमध्ये कायदा झाला १९१९ ला, नाइटिंगेलबाई गेल्यानंतर नऊ वर्षांनी, आणि त्या रजिस्टरात पहिलं नाव फेनविकबाईंचं लागलं. आपल्याकडे मद्रासचा कायदा १९२६ चा, मुंबई इलाख्याचा १९३५ चा.

वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मुली विचारायच्या, मग बरोबर कोण? माझ्या मते नाइटिंगेलबाईंची शंका खरी होती. स्वभाव परीक्षेत कळत नाही, तो वॉर्डात कळतो, आणि कधी कधी दहा वर्षांनी कळतो. पण म्हणूनच रजिस्टर पाहिजे, कारण दहा वर्षांनी कळल्यावर नाव काढायची सोय फक्त त्यातच आहे.

आणि रजिस्टर असूनही माणसं गप्प बसली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. चार्ल्स कलन नावाचा एक नर्स न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियातल्या एकामागून एक रुग्णालयांत सोळा वर्षं काम करत होता आणि औषधं टोचून रुग्णांना मारत होता. २००३ मध्ये पकडला गेला. त्याच्याबद्दल संशय आलेली रुग्णालयं होती, पण पुढच्या रुग्णालयाला ती बोलली नाहीत. त्याचा परवाना शाबूत राहिला. नंतर न्यू जर्सीने २००५ मध्ये कायदाच केला, की अशा कर्मचाऱ्याची माहिती कळवणं रुग्णालयाला बंधनकारक. असा नराधम विरळा, तो राहू द्या. आपल्याकडे रोजच्या साध्या चुका असतात, पण गप्प बसणं तेच. चुकीचं औषध गेलं, निभावलं, तर वॉर्डात सगळे म्हणतात, 'जाऊ दे, तिची नोकरी जाईल.' मीही तरुणपणी एकदा असं 'जाऊ दे' म्हटलंय. ते पेशंट नंतर बरे झाले, पण ती गोष्ट माझ्या मनावरून गेली नाही. म्हणून पुढे परिसेविका झाल्यावर मी माझ्या वॉर्डात चूक सांगणारीला रागावायचं नाही असा नियम केला. सांगितलेली चूक त्याच रात्री दुरुस्त होते. लपवलेली चूक पुढच्या पेशंटकडे जाते.

दुसरं उदाहरणही तिकडचंच, तुमच्या जाहिरातीशी जुळणारं. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांवर कारवाई झाली. त्यांनी ७,६०० हून जास्त बनावट पदविका विकल्या होत्या. वॉर्डात एक दिवस न काढता हातात कागद. तिकडे परवान्यासाठी एनक्लेक्स नावाची कडक संगणकीय परीक्षा असते, आणि धक्का असा, की त्या कागदांवर बसलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण ती परीक्षा पासही झाले. आपल्याकडेही अशी एक परीक्षा असावी असं अनेकांचं मत आहे. मला ते वाईट वाटत नाही. पण परीक्षेवर सगळं सोडू नये हे या प्रकरणातून दिसलं. प्रश्नाचं उत्तर येणं वेगळं आणि रक्त थांबत नसताना हात न थरथरणं वेगळं. तपासायचं ते कॉलेज, त्याचं रुग्णालय, आणि केसबुकातल्या सह्या खऱ्या आहेत का हे.

एकदा नाव लागलं की जन्मभर लागलं, असंही नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी भारतीय परिषदेचा दंडक आहे पाच वर्षांत १५० तास निरंतर शिक्षणाचा, म्हणजे वर्षाला ३०. कार्यशाळा, परिषदा, प्रशिक्षणं. कल्पना उत्तम आहे. मी शिकले तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचो. आज इन्फ्युजन पंप आहेत, औषधं बदलली, हात धुण्याच्या पद्धती बदलल्या. पण मला कळकळीने सांगायचंय, की सकाळी सही करून दुपारी जेवणानंतर निघून जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. तो तास कागदावर भरतो आणि पेशंटकडे रिकामा पोचतो. ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांनी ३५ तास शिक्षण आणि शिवाय ४५० तास प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. कामाचे तास मोजायची ती रीत मला पटते.

आपल्या सोलापूरपुरता एक मुद्दा खास आहे. आपण सीमेवर आहोत. विजापूर, गुलबर्गा इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी मुली तिकडे नर्सिंग शिकतात, कारण कन्नड घरचीच भाषा आहे. त्यांची पहिली नोंदणी बेंगळुरूच्या कर्नाटक परिषदेत होते. मग त्या सोलापुरात नोकरीला लागतात आणि समजतात, की नोंदणी तर आहेच. तसं नाही. महाराष्ट्रात काम करायचं तर इथल्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते, आणि त्याआधी इथली परिषद तिकडच्या परिषदेकडून पडताळणी मागवते. ही पडताळणी म्हणजे नुसता कागदी घोळ समजू नका. एका राज्यात नाव काढलं गेलेला माणूस शंभर किलोमीटर अलीकडे येऊन नव्या कोऱ्या नावाने उभा राहू नये, एवढ्यासाठी ती आहे. आता भारतीय परिषदेची देशभराची नोंदणी आणि मागोवा घेणारी संगणक प्रणाली आहे, आणि प्रत्येक नर्सला एक राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. १९४७ च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. त्यातही एकच राष्ट्रीय रजिस्टर आणि आचारसंहिता व नोंदणीसाठी वेगळं मंडळ ठेवलेलं आहे. दिशा योग्य आहे.

आता तुमच्या आईचं. आई सुखरूप आहे, तरी तुम्ही गप्प बसू नका, पण त्या मुलीच्या मागेही लागू नका. रात्रीच्या ड्यूटीवर शिकलेली नर्स ठेवायची जबाबदारी दवाखान्याची आहे. दवाखान्यांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली होते, १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली, आणि सोलापूर शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. बिननोंदणीची मुलगी इंजेक्शनं देते ही तक्रार लेखी तिथे द्या आणि पोच घ्या. परिचर्या परिषदेकडे तक्रार जाते ती नोंदणी असलेल्या नर्सबद्दल. तिथे प्रबंधकांच्या नावाने अर्ज करायचा. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, नर्सचं नाव, जमलं तर नोंदणी क्रमांक. परिषद नर्सला नोटीस देते, तिचं म्हणणं ऐकते, चौकशी करते, आणि दोष ठरला तर ताकीद, काही काळ नोंदणी स्थगित किंवा नाव काढून टाकणं असा निर्णय घेते. नर्सला बाजू मांडू देणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. चाळीस पेशंटांना एकटी नर्स ठेवली आणि मग चूक झाली, तर तेही चौकशीत लिहिलं गेलं पाहिजे.

पैशांची भरपाई मात्र परिषद देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग परिषदेने काहीच केलं नाही म्हणून निराश होतात. केसपेपरच्या प्रती मागून घ्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट नियम आहे. त्या कागदांवर इंजेक्शनांच्या समोर कुणाच्या सह्या आहेत ते बघा. पुष्कळदा तिथे सहीच नसते, नुसती बरोबरची खूण असते. ती खूण बघूनच तुम्हाला पुष्कळ कळेल.

पुढच्या वेळी ॲडमिट करताना काउंटरवर शांतपणे विचारा, 'रात्री नोंदणी असलेली सिस्टर कोण असते? त्यांचा नंबर मिळेल का?' ज्यांच्याकडे आहे ते लगेच सांगतात. मला कुणी विचारलं असतं तर मी अभिमानाने सांगितला असता. आणि घरी आजारी माणसाची सेवा करायला ब्युरोकडून बाई ठेवली असेल, तर अंघोळ, कपडे, खाऊ घालणं, कूस बदलणं यासाठी ती चांगली. नळीतून अन्न भरणं आणि इंजेक्शन हे मात्र नोंदणी असलेल्या नर्सकडूनच. नाकातली नळी पोटात आहे की श्वासनलिकेत सरकलीय हे न बघता दूध सोडलं, तर माणूस घरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जातो.

आता लेकीचं. सहा महिन्यांत नर्स होत नाही, कुठेच नाही. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बी.एस्सी. चार वर्षं. यापेक्षा कमी मुदतीचं जे काही आहे ते मदतनीसाचं प्रशिक्षण. रुग्ण सहायकाचे असे काही कोर्स चांगले आणि खरेही असतात, पण त्यावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि त्यासाठी नर्सिंगची फी मोजायची नाही. जाहिरातीत 'सरकारमान्य' लिहिलंय, तर मान्यता कोणाची ते विचारा. सोसायटी म्हणून संस्था नोंदलेली असली तरी लोक 'रजिस्टर्ड' लिहितात. तुम्हाला हवी ती परिचर्या परिषदेची मान्यता, त्याच कोर्सला, त्याच वर्षाची.

मान्यता असलेल्या कॉलेजातही एक फेरी मारा. प्रॅक्टिकलला मुली कुठल्या रुग्णालयात जातात ते विचारा. बी.एस्सी.ला किमान १०० खाटांचं पालक रुग्णालय, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं जोडलेलं रुग्णालय, लागतं. त्या रुग्णालयात दुपारी जा आणि किती खाटांवर खरोखर पेशंट आहेत ते मोजा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, 'बाळ, तू किती बाळंतपणं केलीस?' ती पटकन आकडा सांगेल, किंवा मैत्रिणीकडे बघेल. मला कॉलेज ओळखायला एवढं पुरतं. आणि दहावी-बारावीचे मूळ कागद पोच घेतल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देऊ नका. फीवरून वाद झाला की ते कागद अडकवून ठेवलेले मी बघितले आहेत. मुलीची नोंदणी त्यापायी वर्षभर लांबते.

शेवटी एक गोष्ट, जी पूर्व भागातल्या मुलींच्या बाबतीत मी वारंवार अनुभवली. आपली तेलुगू आडनावं इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं. चार वर्षं शिकून मुलगी पास होते आणि नोंदणीच्या दारात अडते, कारण तिन्ही कागदांवरची मुलगी एकच आहे हे सिद्ध होत नाही. मग शपथपत्र, राजपत्र, मुंबईच्या चकरा, आणि तोवर नोकरीची जागा भरून गेलेली. त्यामुळे प्रवेशाच्या गडबडीत पडायच्या आधी लेकीची दहावीची सनद आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवा, आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघून घ्या.